दिवसातून तीन वेळा प्रभुभोजन

माझ्या आईचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला आता चार वर्षं झाली. कशानं गेला असं कुणी विचारलं की मी म्हणते, शुगरनं. माझी धाकटी बहीण म्हणते, माझ्यामुळं गेला. दोघींपैकी पुरतं खरं कुणीच सांगत नाही. फरक एवढाच, की तिला ते ठाऊक नाही आणि मला आहे.

मी शिरूरला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. वीस वर्षं झाली. सकाळी सात वाजल्यापासून उपाशीपोटी आलेल्या लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, सुई घालायची. माझा हात हलका आहे असं लोक तोंडावर सांगतात. जीभ तशी नाही हेही सांगतात, पण जरा लांब गेल्यावर. वडील म्हणायचे, "ही बोलली की समोरच्याला टाकंच घालाया लागत्यात." ते रेल्वेत फिटर होते. रिटायर झाल्यावर दौंडलाच दोन खोल्या बांधल्या आणि तिथंच वारले. आई त्या दोन खोल्यांत एकटी राहायची.

दौंडच्या आमच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आईकडं एक काम होतं आणि ते तिनं तीस वर्षं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ख्रिस्ती नसलेल्यांसाठी सांगते, उपासनेच्या शेवटी प्रत्येकानं भाकरीचा एक तुकडा खायचा आणि द्राक्षरसाचा एक घोट घ्यायचा. प्रभूचं शरीर मोडलं, रक्त सांडलं, त्याची ती आठवण. भाकर म्हणायचं, पण असतो बेकरीतला पाव. आई शनिवारी त्याच्या कडा कापून नखाएवढे तुकडे करायची. त्या कडा आम्ही दोघी बहिणी चहात बुडवून खायचो. रस तिचा स्वतःचा. काळी द्राक्षं, नसली तर काळ्या मनुका, त्यांच्या बरोबरीनं साखर घालून कढवायच्या, धुवट फडक्यातून गाळायच्या, बाटल्या भरायच्या. फ्रिज नव्हता त्या काळातली ती रीत. साखर जास्त घातली तरच रस टिकायचा. पुढं फ्रिज आला तरी आईनं साखर कमी केली नाही. अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांतून तो रस वाटला जायचा. ते पेले ती गरम पाण्यानं स्वतः धुवायची, पुसायची, मोजून पेटीत ठेवायची. एक फुटला तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती.

तिला शुगर निघाली ती पन्नाशीत. गोळ्या सुरू होत्या, पथ्य अर्धंमुर्धं. महिन्यातून एकदा अंगठ्याएवढ्या पेल्यातून घोटभर गोड, त्यानं काय होणार? मीच तिला सांगितलं होतं, तेवढं चालतं.

धाकटी सणसवाडीला राहते. तिचा नवरा तिथल्या एका कंपनीत आहे. भाड्याच्या खोल्यांच्या एका लांब चाळीत मधली खोली त्यांची. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. मग ती तिथल्या एका फेलोशिपला जायला लागली. दुकानांच्या वरती पत्र्याचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, आणि डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून आजार बरे करणारा पास्टर. तो पूर्वी मशीन ऑपरेटर होता. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा, कारण समोर निम्मे लोक बिहार-ओडिशाकडचे कामगार असायचे. वर्षाच्या आत बहिणीला दिवस गेले. ती पेढे घेऊन शिरूरला माझ्या लॅबवर आली आणि म्हणाली, "ताई, प्रभूनं केलं."

मी म्हटलं, "प्रभूनं न्हाई, कंपनीनं केलं. नवऱ्याची नाईट शिफ्ट बंद झाली ना औंदा?"

लॅबमधल्या पोरी फिदीफिदी हसल्या. बहिणीनं पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि निघून गेली. आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. विनोद चांगला होता म्हणून मी तो नंतर चार ठिकाणी सांगितलाही.

त्या आठ महिन्यांतच आईला चप्पल चावली. डाव्या अंगठ्याच्या कडेला फोड आला, फुटला, आणि भरेना. एरवी आईनं मला फोन केला असता. पण आम्हा बहिणींचं बोलणं बंद, त्यात आईला मध्ये पडून कुणाची बाजू घ्यायची नव्हती, आणि धाकटी नुकती बाळंत झालेली, तिच्या घरी आईची जा-ये सुरू होती. म्हणून फोड आधी बहिणीनं पाहिला. ती आईला पास्टरकडं घेऊन गेली. दर रविवारी फेलोशिपची जीप दौंडहून माणसं घ्यायची, कासुर्डीला हायवे सोडून राहूवरून सणसवाडीला यायची. आई त्या जीपनं जायला लागली.

पास्टरची शिकवण साधी होती. प्रभुभोजन हे औषध आहे. त्याचं शरीर मोडलं ते तुमचं शरीर धड व्हावं म्हणून. डॉक्टरची गोळी दिवसातून तीनदा घेता ना, चुकवता का? मग हे महिन्यातून एकदाच का? घरी घ्या, रोज घ्या, जेवणानंतर तीन वेळा घ्या, विश्वासानं घ्या. गोळ्या बंद करा असं तो कधी म्हणाला नाही. हे मी नंतर दहा लोकांना खोदून खोदून विचारलं, कारण त्यानं ते म्हटलेलं असावं अशी माझी फार इच्छा होती. नव्हता म्हणाला.

गोळ्या आईनंच बंद केल्या. तिचा हिशोब वेगळा होता. वडिलांच्या गुडघ्याला होमिओपॅथीचं औषध चालू असताना त्या डॉक्टरनं बाकीची औषधं बंद करायला लावली होती, एकात एक मिसळलं की गुण येत नाही म्हणून. आईच्या डोक्यात ते बसलं होतं. जेवणानंतर गोळी आणि जेवणानंतरच प्रभूचा प्याला, दोन औषधं एका वेळी कशी घ्यायची? एक काहीतरी ठेवायला हवं. तिनं प्रभूला ठेवलं.

आणि प्याला. फेलोशिपमधले बाकीचे लोक बाटलीच्या टोपणात थेंबभर सरबत घ्यायचे, त्यांचं भागायचं. आई तीस वर्षांची जाणती. तिनं रस आपल्याच रीतीनं केला, द्राक्षांच्या बरोबरीनं साखर घालून. काचेचे छोटे पेले घरात पेटीभर होते, पण ते मंडळीचे. घरच्या कामाला मंडळीची वस्तू वापरणं म्हणजे तिच्या लेखी चोरीच. म्हणून तिनं स्टीलचं फुलपात्र घेतलं. आणि फुलपात्र अर्धं कसं भरायचं? पाहुण्याला कुणी अर्धा कप चहा देतं का? अशा रीतीनं माझी आई, मधुमेहाची पेशंट, गोळ्या सोडून, रोज तीन फुलपात्रं पाक पीत होती आणि पाय बरा व्हावा म्हणून गुडघे टेकत होती. जखम वाढली की तिला वाटायचं, विश्वास कमी पडतोय. मग ती उपास करायची आणि उपास त्याच फुलपात्रानं सोडायची.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एक बुधवार होता, माझी सुट्टी. शेजारच्या बाईंचा फोन आला, "आईच्या पायाला वास येतोय, येऊन बघा." मी सकाळच्या एसटीनं दौंडला गेले.

दार उघडताच मला कळलं. तो वास मी ओळखते. आईनं पाय पलंगावर घेऊन वरून जुन्या पातळाची पट्टी गुंडाळली होती. मी सोडली. अंगठा जांभळा, कडेला काळा, आणि लाली पाऊलभर चढलेली. ओट्यावर बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, शेजारी फुलपात्र, त्यावर स्वच्छ रुमाल झाकलेला. मी विचारलं, तिनं सगळं सांगितलं. आनंदानं सांगितलं. दोन महिने असं चालू होतं.

पर्समधून मी शुगरचं मशीन काढलं. आईनं स्वतः बोट पुढं केलं. "बघ गं," ती म्हणाली, "तुझं यंतर काय म्हणतंय ते तरी बघू."

चारशे अडतीस.

हे वाचणाऱ्यानं आता नीट वाचावं, कारण हे मी याआधी कुणाला सांगितलेलं नाही. मी मशीन तिच्या बाजूला वळवलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "किती हाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "बरी हाय की. खाली आलीय."

आईनं टाळी वाजवली. म्हातारी बाई, अंगात ताप, आणि लहान पोरीसारखी टाळी वाजवली तिनं. "म्हणलं न्हवतं मी? बग, तुज्याच यंतरानं सांगितलं. आता रविवारी मी उभं राहून साक्ष देणार, प्रभूनं काय केलं ते सगळ्यास्नी सांगणार. तू येशील? धाकटीला लई बरं वाटंल."

मी म्हटलं, "येते."

मी असं का केलं, याचं एक उत्तर मी तेव्हाच तयार ठेवलं होतं. आत्ता सांगितलं तर आई बहिणीला फोन करणार, बहीण पास्टरला, तिघं मिळून म्हणणार की हा सैतानाचा हल्ला आहे, अजून प्रार्थना करा. आई बाटल्या लपवणार, माझ्यासमोर गोळी घेऊन मागं थुंकणार. एकदाच सगळ्यांसमोर आकडा आला की मुळावरच घाव बसेल. उत्तर चांगलं आहे. चार वर्षं झाली, अजून मला त्यात खोट सापडत नाही. पण ते कारण नव्हतं. कारण हे होतं, की मला त्यांची तोंडं बघायची होती. पास्टरचं तोंड, बहिणीचं तोंड, शंभर माणसांत, माईकसमोर. आठ महिने बोलली नाही ना माझ्याशी? मग बघ आता. आईचा अंगठा माझ्या मांडीवर होता आणि माझ्या डोक्यात हे चाललं होतं.

मी जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. तेवढ्यानं चार दिवस निघतील असं स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं असले पाय बघणाऱ्या बाईला ते निघणार नाहीत हे कळत होतं. संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

गुरुवार गेला. शुक्रवारी लॅबमध्ये एक म्हातारा आला, न्हावऱ्याकडचा, मोटरसायकलीवर पोराच्या मागं बसून. पायाला फडकं. रक्त काढता काढता मी फडकं वर करून बघितलं. आईच्या पायापेक्षा बराच बरा होता. मी पोराला बाहेर बोलावलं आणि सगळ्या पेशंटसमोर झापलं.

"किती दिवस झालं याला?"

"चार-पाच झालं असतील, ताई. शेतात टाइम मिळंना."

"चार दिवस झोपला व्हता का? बाप हाय का बैल हाय तुमचा? आजच्या आज पुण्याला न्या. बाप लंगडा झाला तर तुम्ही कापला पाय त्याचा, असं समजा."

पोरगा मान खाली घालून उभा राहिला. त्याचे डोळे भरले. बाकावरच्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. मला त्या क्षणी आईची आठवण आली, आणि मी पुढच्या पेशंटच्या दंडाला रबर बांधलं. दुपारी आईला फोन केला. आवाज बारीक होता, पण खुशीत होती. "जरा थंडी वाजतीय," म्हणाली. "साक्षीत काय बोलू, त्येचा इचार करतीय." मी म्हटलं, पांघरूण घे.

म्हणजे फोन हातात होता. बोलणं चालू होतं. एक वाक्य पुरलं असतं.

रविवारी मी सणसवाडीला गेले. हॉलमध्ये पत्रा तापलेला, चारी बाजूंनी पंखे. मला दारात बघून बहीण पोर छातीशी धरून धावत आली. आठ महिन्यांनी. आली आणि पोर माझ्या हातात दिलं. पोर गुबगुबीत होतं, माझ्या वडिलांचं कपाळ घेऊन आलं होतं. मी ते घेतलं आणि तरीही माझं ठरलेलं बदललं नाही.

आईला पुढच्या ओळीत बसवलं होतं. पायावर शाल. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. गाणी झाली. मग पास्टर म्हणाला, "आज दौंड की आई गवाही देगी." दोघांनी धरून तिला उभं केलं. हातात माईक दिला.

"मंडळीला माजा सलाम," आई म्हणाली. फेलोशिपमध्ये कुणी सलाम म्हणत नाही, ती आमच्या जुन्या मंडळीची रीत. "माज्या पायाला जखम हाय. अजून भरली न्हाई. पर माजी शुगर खाली आलीया. हे कुणी ऐऱ्यागैऱ्यानं सांगितलं न्हाई. माजी थोरली लेक शिरूरला लॅबमदी हाय. तिचा कशाकशावर इश्वास न्हाई. तिनं सोता तपासलं बुधवारी. आन् तिनं सांगितलं. ती खोटं बोलत न्हाई. तोंडाची फटकळ हाय, पर खोटं बोलत न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलूया म्हटलं. मी पोर बहिणीकडं दिलं आणि पुढं गेले. माझ्याकडं बघून आई हसली. तिला वाटलं, मीपण साक्ष द्यायला आलेय.

मी माईक घेतला. म्हटलं, "आपण सगळ्यांसमोर परत बघू." आणि तिचं बोट धरलं. या वेळी तिनं पुढं केलं नव्हतं, मी ओढून घेतलं. सुई टोचली. पाच सेकंद लागतात मशीनला. मी आकडा मोठ्यानं वाचला, मराठीत आणि मग हिंदीत. पाचशे बारा. "पाँच सौ बारह." मग मी आईच्या पायावरची शाल ओढली, पट्टी सोडली, आणि म्हटलं, "हे बघा तुमचं औषध."

पुढच्या ओळीतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. पाऊल काळं पडलं होतं आणि वर पोटरीपर्यंत लाल रेघ चढली होती. बुधवारी ती रेघ नव्हती.

ज्या तोंडासाठी मी चार दिवस थांबले होते, ते पास्टरचं तोंड बघायला मी मान वळवली. तो माझ्याकडं बघतच नव्हता. तो खाली वाकून आईचा पाय बघत होता. दोन सेकंद. मग ओरडला, "गाडी निकालो! अभी! प्रार्थना बाद में!" त्यानं स्वतः आईला उचललं, जिन्यावरून खाली आणलं, जीपमध्ये घातलं. ना वाद, ना सैतान, ना हल्ला. बुधवारी त्याला कळलं असतं तर त्यानं बुधवारीच गाडी काढली असती, हे मला त्या जिन्यावर समजलं. मी ज्याच्याशी लढायला आले होते तो माणूस तिथं नव्हताच.

बहीण मटकन खाली बसली होती आणि कपाळ बडवून घेत होती. तेही बघायचं होतं ना मला, तेही बघितलं.

आणि आईचं तोंड. ते बघायचं मी ठरवलं नव्हतं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनं आकड्याबद्दल विचारलं नाही, पायाबद्दल नाही. एकच शब्द बोलली. "बुधवारी?"

मी म्हटलं, "बोलू नको, थकशील."

पुढं वाघोलीपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

पुण्यातल्या हॉस्पिटलच्या सर्जननं पाय बघून मान हलवली. "तीन-चार दिवस आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं," तो म्हणाला. "यांच्याजवळ कोण होतं?"

"मी," बहीण म्हणाली. "मीच होते. मीच नेलं त्यांना तिकडं." ती हुंदके देत होती. मी तिच्या मागं फाईल धरून उभी होते. सर्जननं तिला नको नको ते ऐकवलं. शिकलेल्या बाया, आणि असं करता? बहीण बारावी झालेली. मी ऐकत राहिले. मध्ये एकदा फाईल या हातातून त्या हातात घेतली.

पाय कापल्यावर आई दौंडला परत आली ती कुबड्या घेऊन. जुन्या मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. आमच्या बायका दुःखात धावून येतात आणि येताना चार सुया घेऊन येतात. एक म्हणाली, "प्रभूच्या भोजनाचा असा बाजार मांडला की असंच व्हतं." दुसरी म्हणाली, "अयोग्य रीतीनं घेणाराला ते पचत न्हाई, शास्त्रातच हाय." मग जाताना पेल्यांची पेटी घेऊन गेल्या. "आता तुमच्यानं कसं व्हनार, आम्हीच करू." आईनं पेटी द्यायच्या आधी पेले मोजून दिले. एकही कमी नव्हता. पेटी गेल्यावर ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

मला तेव्हा फार राग आला. त्या बायकांना मी दारातून ऐकवलंही बरंच. दुसऱ्यांच्या क्रूरपणाचा राग मला लगेच येतो.

आई त्यानंतर चर्चला गेली नाही. तीन महिने झाले तेव्हा आमचे पाळक, जुन्या मंडळीचे धर्मगुरू, एका दुपारी प्रभुभोजन घेऊन घरी आले. आजारी माणसाला घरी जाऊन देतात तसं. म्हातारे आहेत, सावकाश बोलतात. बहीण सणसवाडीहून आली होती. फेलोशिप तिनं सोडली होती, कुठंच जात नव्हती. मी शिरूरहून गेले होते. एका छोट्या ताटात पाळकांनी पावाचे तुकडे ठेवले, चार पेल्यांत रस ओतला. आमच्यात रीत अशी आहे, की भोजनाआधी घरातल्यांनी एकमेकांबद्दल मनात काही असेल तर ते बोलून मिटवायचं. किल्मिष ठेवून त्या ताटाला हात लावायचा नाही. पाळकांनी तसं विचारलं, दरवेळी विचारतात तसंच.

बहिणीनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती आईच्या उरलेल्या पायावर कोसळली. "आई, मी तुझा पाय घालवला. मी तुला तिकडं नेलं. मला माफ कर, आई, मला माफ कर." आवाज असा लागला होता की बाहेर रस्त्यावरचं माणूस थांबावं.

आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुजी चूक न्हाई गं," ती म्हणाली. "तुजी न्हाई. तू काय केलं न्हाईस."

बहिणीला वाटलं, आई मोठ्या मनानं माफ करतेय. पाळकांनाही तसंच वाटलं, त्यांचे डोळे पाणावले. आई फक्त खरं ते सांगत होती. आणि सांगताना ती बहिणीकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

"आन् तुजं?" तिनं मला विचारलं. "तुजं काय हाय का बोलायचं?"

आवाजात राग नव्हता. तिनं वाट बघितली. खूप वेळ बघितली. पाळक थांबले. बहीण डोळे पुसत माझ्याकडं वळली. मला सगळं तोंडात आलं होतं. बुधवार, चारशे अडतीस, सगळं. माझ्यासारखी फटकळ बाई, जिला आयुष्यात शब्द कमी पडले नाहीत.

मी म्हटलं, "माझं काही नाही."

पाळकांनी प्रार्थना केली. आधी आईपुढं ताट धरलं. आईनं मान हलवली. "मला नगं, साहेब."

"का हो, बाई? तुमच्यासाठीच आणलंय."

"माज्या वाटंचं हिला द्या," आई म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. "हिला जास्त लागंल."

पाळक गोंधळले. असं कुणाचं कुणाला देता येतं का, त्यांनाही माहीत नव्हतं. पण आजारी म्हातारीचं मन कोण मोडणार? त्यांनी माझ्यापुढं ताट धरलं. मी एक तुकडा उचलला, मग दुसरा उचलला. एक पेला घेतला, मग आईचा घेतला. रस बाजारचा होता, आंबटसर. मी गिळेपर्यंत आई बघत राहिली, आणि मग तिनं तोंड फिरवलं.

पाळक गेल्यावर बहीण मोरीत पेले धूत होती. मी शेजारी फडकं घेऊन उभी होते. ती म्हणाली, "आईला तूच जवळची, ताई. सोताच्या वाटचं बी तुलाच दिलं." तिच्या आवाजात हेवा नव्हता, हे ऐकायला जास्त वाईट होतं. मग हात थांबवून, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तू तरी मला मनापासून माफ केलंस का?"

मी म्हटलं, "केलं."

तिनं माझा हात ओल्या हातांनी धरला आणि कपाळाला लावला.